आडाला विरजण

"प्या की ओ म्याडम. बाटलीतल्यापेक्षा गोड हाय."

नागमणीअक्कांनी पेला पुढे केला आणि मी तो घेतला. मार्च संपत आला होता, दुपारची वेळ होती आणि गुर्रमशेठच्या डाइंगपासून, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यापासून, अक्कांच्या घरापर्यंत मी तावातावाने चालत आले होते. अक्का उंबऱ्याशी विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. मागे त्यांची नात पद्मा फरशीवर पालथी झोपली होती. माझ्या हातात एक कडीचा डबा होता. तो परत करायचा आणि त्याचा जाबही विचारायचा, एवढ्यासाठीच मी आले होते.

अर्धा पेला पिऊन मी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"हा तुमचाच ना?"

"आमचाच की. झाकणावर नाव घातलंय बगा. चिलवेरी."

"आमच्या कुंपणाच्या आत सापडला. टाकीजवळ."

"तरीच! मी उगी सुनेवर आळ घेतला." मग आत वळून त्या तेलुगूत काहीतरी ओरडल्या. आतून सुनेने त्याहून मोठ्याने उत्तर दिलं.

"अक्का, कुंपणाला कुलूप असतं."

"म्होरल्या दाराला असतं. मागनं शेळ्या जातात रोज. त्यांना कोण विचारत नाही, मलाच विचारता."

मागची जाळी फाटली आहे, हे मी गुर्रमशेठना तीनदा सांगितलं होतं. तीनही वेळा त्यांनी "उद्या" म्हटलं होतं.

"पण गेलात कशाला?"

"आधी पाणी कसं हाय ते सांगा."

"चांगलं आहे. आज नळाला आलं वाटतं?"

सून आतून हसली. अक्काही हसल्या. तंबाखूने रंगलेली बोटं त्यांनी दाराबाहेर रोखली.

"नळ कुठला ओ? आडाचं हाय."

मी पेला खाली ठेवला.

तो आड गल्लीच्या मधोमध होता. दगडी कठड्याचा, अरुंद आणि खोल. आजूबाजूच्या रंगाच्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं, त्यामुळे आडाचं पाणी वीटकरी लाल झालं होतं. ते कोणी पीत नव्हतं, त्यात कोणी कपडेही धूत नव्हतं. लहान पोरं त्यात काडी बुडवून भिंतींवर नावं लिहीत. जानेवारीत मी स्वतः त्याचा नमुना घेतला होता. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे दारोदारी पिंपं भरून ठेवलेली असत.

मी उठून आडापाशी गेले. वाकून पाहिलं तर तळाला पडलेली एक जुनी बादली दिसत होती. तिची मूठसुद्धा दिसत होती.

अक्का मागोमाग आल्या होत्या. "चार डबे घातले," त्या म्हणाल्या. "एक डबा शनवारी, मग पुढल्या शनवारी, असं. विरजण घालतात तसं."

"विरजण?"

"तुमच्या डॉक्टरनीच सांगितलं की ओ! टाकीचा नारळ फोडताना. म्हणाले, हे विरजण हाय, चमचाभर घातलं की हंडाभर दुधाचं दही. मग? तुमच्या टाकीला विरजण, आमच्या आडाला नको? विरजण मागितलं तर कोण नाही म्हणतं का? मागायला पण आले मी. तुमी नव्हता."

डॉ. साठये खरंच तसं बोलले होते. त्यांना उपमा द्यायला आवडायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही चार वर्षं या 'विरजणा'वर, म्हणजे रंग खाणाऱ्या एका जिवाणूवर, काम केलं होतं. तो मूळचा याच गावचा, याच डाइंगमागच्या नाल्याच्या मातीत सापडलेला. रंग थोडाफार तोडायची सवय त्याला आधीपासून होती. आम्ही त्याच्यात आणखी काही जनुकं बसवली आणि गुर्रमशेठच्या आवारात सहा टाक्या बांधून चाचणी सुरू केली. सरकारी समितीची परवानगी होती आणि तिची पहिली अट होती की जिवाणू कुंपणाबाहेर जाता कामा नये. समिती शुक्रवारी पाहणीला येणार होती. त्या दिवशी मंगळवार होता.

पण त्या क्षणी मला समिती आठवली नाही. मी विचारलं, "कोण कोण पितं हे?"

"सगळी पितात. पितात काय, भांडतात. त्या बिटलाच्या घरचे तीन-तीन घागरी नेतात पहाटेच."

"कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस. उद्या सकाळी आडाची पूजा हाय. मग गल्लीजेवण. भात, सांबार सगळं ह्याच पाण्यात. तुमाला बोलवायला येणारच होते मी."

मी म्हणाले, "अक्का, हे पाणी कोणी पिऊ नका. आजपासून नाही, आत्तापासून."

तोवर आणखी चार-पाच बाया आल्या होत्या. एकीने कमरेवर हात ठेवला.

"का ओ? लाल होतं तवा म्हणला पिऊ नका. आता पांढरं झालं तरी पिऊ नका. मग प्यायचं काय आमी?"

मी समजावून सांगायला लागले. ते मी त्या दिवसात किती वेळा सांगितलं ते आठवत नाही, पण प्रत्येक वेळी लोक निम्म्यातच ऐकायचं थांबवत. जिवाणू दोन कामं करतो. आधी रंगाचे तुकडे करतो. तुकडे झाले की रंग दिसत नाही, पण तुकडे पाण्यातच असतात आणि ते रंगापेक्षा वाईट असतात. दुसरं काम म्हणजे ते तुकडे खाऊन टाकणं. ते दुसरं काम जिवाणू आपणहून करत नाही. टाकीत आम्ही रोज एक पूड घालतो आणि खालून हवा सोडतो, तेव्हाच करतो. जिवाणू चुकून बाहेर गेलाच तर तिथे टिकू नये, म्हणून तो मुद्दामच असा बनवला होता.

"म्हंजे अर्धंच काम करतो," कमरेवर हात ठेवलेली म्हणाली.

"हो. आणि अर्धं काम झालेलं पाणी लाल पाण्यापेक्षा वाईट."

"मग ती पूड द्या की आमाला. आमी घालतो."

"हवा कुठून सोडणार? आणि ती पूड माणसांनी प्यायची नाही."

"जे जे सांगावं त्याला नाहीच म्हणता," अक्का म्हणाल्या. "विषाचा रंग कसा असतो मग?"

"ह्याला रंग नसतो."

"वासही येत नाही. चव पण गोड. मग तुमाला कसं कळलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. टाक्यांचं पाणी रोज तपासायला माझ्याकडे तीन छोट्या बाटल्या असत. पाण्यात एकापाठोपाठ एक थेंब टाकायचे. ते तुकडे, ज्यांना आम्ही ॲमाइन म्हणतो, पाण्यात असतील तर पाणी किरमिजी होतं, नसतील तर तसंच राहतं. मी धावत जाऊन पेटी आणली. आडाचं ताजं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर थेंब टाकले. पहिल्या दोन बाटल्यांनी काही झालं नाही. तिसऱ्या बाटलीतला थेंब पडला आणि नळी तळापासून वरपर्यंत गडद किरमिजी झाली. टाकीच्या पाण्यात इतका गडद रंग मी कधीच पाहिला नव्हता.

"बघा," मी म्हणाले.

बायांनी बघितलं. मग एकमेकींकडे बघितलं.

"रंग तर तुमीच टाकला की त्यात," बिटलांची सून म्हणाली.

"मी रंग नाही टाकला. हे औषध आहे."

"मग लाल कसं झालं?"

मी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, दुसऱ्या नळीत ते पाणी घेतलं आणि तेच थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं.

"ते तुमच्या बाटलीतलं," ती म्हणाली. "आमच्या पाण्याला लाल करायचं, स्वतःच्या पाण्याला नाही."

सगळ्या हसल्या. कोणीतरी टाळीही दिली. मी नळाच्या पाण्यावर करून दाखवते म्हटलं, तर एकीने पिंपावरचं झाकण दाबून धरलं. नळाचं पाणी चार दिवस पुरवायचं होतं, ते माझ्या खेळात घालवायला कोणी तयार नव्हतं. मी म्हणाले, आत्ता मीसुद्धा अर्धा पेला प्यायलेय, मला काय हौस आहे का! त्यावर अक्का म्हणाल्या, "आमी पंधरा दिवस पितोय. कुठे काय झालं? पद्माचं पोट दुखायचं ते थांबलं उलट."

काय झालं ते लगेच दिसत नाही, असं मी म्हणाले. ते त्या दिवसातलं माझं सर्वात निरुपयोगी वाक्य होतं.

डाइंगच्या ऑफिसातून मी पुण्याला फोन लावला. गुर्रमशेठ समोर बसून टॉवेलच्या काठाचे नमुने बघत होते. साठये सरांचा आवाज इतका मोठा होता की त्यांना शब्द न् शब्द ऐकू जात होता.

"पूर्ण उतरला रंग?" सर म्हणाले. "आडात? ढवळणं नाही, तापमानावर ताबा नाही, तरी उतरला? मंजिरी, हे फार मोठं आहे!"

"सर, लोक ते पाणी पितायत."

"ॲमाइन बघितलंस?"

"बघितलं. गडद किरमिजी."

"त्या टेस्टला इतर गोष्टींनीही रंग येतो."

"टाकीसाठी ती टेस्ट तुम्हीच नेमून दिलीत, सर."

"टाकी वेगळी, आड वेगळा. नमुना पुण्याला पाठव, नीट मोजू. आकडा हातात येईपर्यंत घबराट नको. शुक्रवारी समिती येतेय. तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"आकडा यायला तीन आठवडे लागतील. आणि उद्या अख्खी गल्ली त्यात भात शिजवणार आहे."

"मग पाटी लाव. 'पाणी पिण्यास अयोग्य.'"

"पाटी आहे, सर. पाणी लाल झालं तेव्हापासूनच आहे. तिला शेळ्या बांधतात."

"हे बघ, चार वर्षांचं काम आहे. तुझंही आहे. आडात आपला जिवाणू गेला हे समितीला कळलं तर ही चाचणीच नव्हे, देशात कुठेही अशी चाचणी दहा वर्षं होणार नाही. कुणीतरी शेवटी हे करायलाच हवं ना? नाहीतर तो आड लालच राहणार होता."

यात खोटं काहीच नव्हतं. त्यामुळेच माझा संताप झाला.

"लाल होता तेव्हा कोणी पीत नव्हतं," मी म्हणाले.

सर म्हणाले की ते शुक्रवारी सकाळी समितीबरोबरच येतील, तोवर मी शांत राहावं. फोन ठेवल्यावर गुर्रमशेठनी नमुन्यांवरून नजर काढली.

"डॉक्टर हुशार माणूस," ते म्हणाले. "एक सांगू म्याडम? इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या महिन्यात गल्लीतलं कोणी माझ्या दारात शिव्या घालायला आलं नाही. उद्याच्या पूजेला मला बोलावलंय. मानाचा फेटा बांधणार म्हणे. आणि तुमी म्हणता पाणी वाईट."

"वाईटच आहे."

"दिसत तर नाही."

"तेच तर मी दुपारपासून सांगतेय!" मी ओरडले. दारातल्या कामगारांनी आत डोकावून पाहिलं.

आपण कुठे अडलोय ते मला तिथे, त्यांच्या टेबलासमोर, कळलं. मी दुपारपासून लोकांना न दिसणारी गोष्ट पटवत होते. इतकी वर्षं त्या गल्लीला काहीच पटवून द्यावं लागलं नव्हतं. पाणी लाल होतं, एवढं पुरेसं होतं. ती लाली आम्ही काढून घेतली होती.

"शेठ, मला रंग हवाय," मी म्हणाले.

"कसला?"

"आडात टाकायला."

त्यांनी नमुने खाली ठेवले. मग हळू आवाजात, वेड्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "पाण्यातला रंग काढायला तुमाला पुण्याहून आणलं."

"माहीत आहे."

"लाल पायजे? पूर्वी होता तसा?"

"लाल नको. लाल, पिवळा, केशरी, काळा, यांतलं काही नको. ते सगळे जिवाणू खातो. आठवड्यात पुन्हा पाणी पांढरं होईल आणि विष दुप्पट होईल. त्याला न खाता येणारा रंग द्या. फिरोजी."

फिरोजी रंगाची घडण वेगळी असते. आमच्या टाक्यांतही तो तसाच राहायचा आणि सर त्यावर नेहमी वैतागायचे. आमच्या जिवाणूचं ते एकच अपयश मला त्या दिवशी उपयोगी पडणार होतं.

"आणि तो विषारी नाही?"

"पिण्यासारखा नाही. पण तो घातलेलं पाणी कोणी पिणारच नाही."

गुर्रमशेठनी एक नमुना उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "माझा फेटा गेला म्हणायचा."

"उद्या कोणी आजारी पडलं तर लोक विचारतील, हे पाणी कुणाच्या रंगाने बिघडलं. लाल होतं तेव्हा तुमचं एकट्याचं नाव घेत होते. आता तुमचं आणि आमचं, दोघांचं घेतील."

"धमकी देता काय ओ?"

"नाही. खरं ते सांगतेय."

ते उठले. चप्पल पायात सरकवली. "मी चहाला चाललो. रंगाच्या खोलीला कुलूप लावायचं राहिलं असं उद्या कोणी म्हटलं, तर म्हणू दे. माझ्या हातनं मी देणार नाही. त्या गल्लीत माझी माणसं राहतात." दारात थांबून ते मागे वळले. "गरम पाण्यात कालवा. गार पाण्यात गुठळ्या होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आडाभोवती सडा घातलेला होता. कठडा धुऊन त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती आणि चारी बाजूंनी रांगोळी होती. अंगणात तीन दगडांच्या चुली मांडून त्यांवर पातेली चढवलेली होती, रिकामीच. आधी पूजा, मग पाणी उपसायचं, असं ठरलं होतं. मी दोन बादल्या घेऊन आले. दोन्हींवर ओलं फडकं टाकलं होतं.

"आल्या बगा म्याडम!" बिटलांची सून ओरडली. कालचं सगळं ती विसरली होती किंवा तिने माफ केलं होतं. "वाट द्या गं. काय आणलं म्याडमनी?"

बायांनी खरंच वाट दिली. नागमणीअक्का नवं लुगडं नेसून कठड्याशी उभ्या होत्या. पद्मा त्यांचा पदर धरून होती. अक्कांनी नारळ माझ्यासमोर धरला.

"पहिला मान म्याडमचा. विरजण तुमचं."

मी म्हणाले, "अक्का, बाजूला व्हा." आणि फडकं काढून पहिली बादली आडात ओतली.

आवाज फार झाला नाही. पाण्यावर आधी एक गडद निळा डाग पडला, मग त्याला फाटे फुटले आणि तो खाली उतरत गेला. तळाची बादली दिसेनाशी झाली. दुसरी बादली ओतताना माझा हात कोणीतरी धरला, तरी निम्मी गेली. उरलेली माझ्या साडीवर आणि रांगोळीवर सांडली. पाणी फिरोजी झालं, स्वच्छ, चमकदार फिरोजी, गुर्रमशेठच्या टॉवेलच्या काठाला असतं तसं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणीतरी माझ्या पाठीत रिकामी घागर घातली. "पुण्याची भवानी" असं कोणीतरी म्हणालं, आणि बाकीचं तेलुगूत होतं. पूजा सांगायला आलेला माणूस आपलं ताट उचलून मागे सरकला.

अक्का ओरडल्या नाहीत. त्या आडात बघत होत्या.

"काय केलंस गं?" त्या म्हणाल्या. म्याडम आणि तुमी, दोन्ही गेलं होतं.

"हा रंग ते विरजण खाऊ शकत नाही. आता तो राहील."

"राहील. मग?"

"मग कोणी पिणार नाही."

"तू काढला असतास तर आमी तुला ओवाळलं असतं."

"काढला होता, अक्का. म्हणूनच घालावा लागला."

त्यांनी नारळ कठड्यावर ठेवला, फोडला नाही. पद्माला कडेवर घेतलं, ती कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती तरी, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. चुली पेटल्याच नाहीत.

पुढचं सगळं फार भराभर झालं. लाल आडाकडे इतक्या वर्षांत कोणी बघितलं नव्हतं, पण फिरोजी आडाचा फोटो दुसऱ्याच दिवशी स्थानिक पेपरात छापून आला, तोही रंगीत. दुपारी दोन पुढारी आले आणि संध्याकाळी पाण्याचा टँकर आला. माझं नाव बातमीत चुकीचं होतं आणि मला रंग-कारखानदारांची हस्तक म्हटलं होतं. शुक्रवारी समिती आली. सरांनी तोंड उघडण्याआधी मी सगळं सांगितलं. डबा, विरजण, मागची जाळी, किरमिजी नळी आणि दोन बादल्या. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी मध्येच चष्मा काढून विचारलं, "म्हणजे रंग तुम्ही घातलात?" मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले. शेजारच्या गृहस्थांनीही तेच विचारलं, तेव्हा मात्र मी नुसती मान हलवली.

चाचणी बंद झाली. सहाही टाक्यांत आणि आडात क्लोरीन ओतलं गेलं, आणि आडावर काँक्रीटची लादी बसली. सरांचं ते काम पुन्हा कधी उभं राहिलं नाही आणि मी वर्षभरात ती संस्था सोडली. त्यांना मी वाईट माणूस समजत नाही. गल्लीतल्या माणसांना पटेल असं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं, तसंच त्यांच्याकडेही नव्हतं.

रंग ओतण्याआधी पुण्याला पाठवलेल्या नमुन्याचा आकडा उशिराने, मे महिन्यात आला. किरमिजी नळीने जे सांगितलं होतं, तेच त्यात होतं. तो घेऊन मी पुन्हा त्या गल्लीत गेले. कोणी आत ये म्हटलं नाही. अक्का उंबऱ्याशीच होत्या, सूप मांडीवर. मी उभ्याउभ्या सांगितलं की तुमच्या पाण्यात ते विष होतं, बरंच होतं.

त्यांनी पान वळलं, दोरा गुंडाळला, टोक दाबलं. मग विचारलं, "पद्मा पंधरा दिवस प्यायली. तिला काय होईल?"

"बहुधा काही नाही. पंधराच दिवस होते."

"बहुधा?"

"नक्की सांगता येत नाही, अक्का. असल्या गोष्टी मूत्राशयात गाठ होऊन उमटतात. कळायला वीस वर्षंही लागतात."

त्या मला हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मग वीस वर्षं येत जा," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस ना? मग तूच बघायचं."

मी जाते. वर्षातून एकदा, गल्लीतल्या ज्यांना यायचं असतं त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जाते. तिथली एक डॉक्टर माझी मैत्रीण आहे. सुरुवातीला अक्का आणि पद्मा अशा दोघीच यायच्या. नंतर बिटलांची सून आली आणि मग बाकीच्या. आता गल्लीत रोज नळ येतो. विड्यांचं काम बंद झालं. पद्मा बँकेत आहे आणि मला "ताई" म्हणते. अक्कांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागतं.

यंदाही मार्चअखेर गेले होते. रिपोर्ट आले, सगळ्यांचे चांगले होते. मी अक्कांच्या कानाशी वाकून ते सांगितलं.

"म्हंजे काही नाही?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी नाही."

"अजून! अजून!" अक्कांनी कपाळावर हात मारला. पद्मा दाराआड हसू दाबत होती. "वीस वर्षं झाली की गं तुझं अजून ऐकून. एकदा तरी पुरतं बोल!"

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. पुरतं असं अजूनही माझ्याकडे काही नव्हतं.

"पुढच्या मार्चमध्ये येते," मी ओरडून म्हणाले.

"ये," अक्का म्हणाल्या. "न येऊन सांगतेस कुणाला!"